जागा धरलेली आहे

विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तक मागायला येणाऱ्या माणसाकडे सगळे जरा संशयानेच बघतात. बाकीच्यांची कामं सरळ असतात. कुणी पंख्याखाली बसायला आलेला असतो, कुणी मोबाइल चार्ज करायला, कुणी ‘नो ड्यूज’वर सही घ्यायला, कुणी नुसतंच ‘ती’ आली आहे का ते बघायला. दारावरचे सुरक्षारक्षक अशांना अडवत नाहीत. मी मात्र ‘एक पुस्तक बघायचंय’ म्हणालो आणि त्यांनी रजिस्टर पुढे ओढलं.

“कोणत्या डिपार्टमेंटनं पाठवलंय?”

“कुणी नाही पाठवलं. माझा मी आलोय.”

“मग लेटर?”

पंचेचाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवणाऱ्या प्राध्यापकाला ज्ञानाची तहान लागलेली असते, असा गैरसमज आमच्या घरातसुद्धा कुणाचा नाही. मी बातमी सांगितली तेव्हा बायकोने पेढ्यांचं नाव काढलं नाही. “पगारात किती वाढतील?” एवढंच विचारलं आणि आकडा ऐकून “बरं, करा” म्हणाली. विषय ‘एकोणिसाव्या शतकातील मराठी फार्सांचा चिकित्सक अभ्यास’. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीला ‘सीतास्वयंवर’ केलं, मराठी नाटकाची सुरुवात झाली, आणि पुढे पौराणिक खेळ आटोपला की लोकांना हसवून घरी पाठवण्यासाठी फार्स करायची रीत पडली. माझ्या प्रबंधात मात्र कुणी हसू नये, याची खबरदारी गाइडांनी सुरुवातीलाच घेतली. “सर, विषय विनोदाचा आहे, गांभीर्याने घ्या,” ते म्हणाले. हे माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणतो, ते मला सर म्हणतात. शेजारी बसलेल्या तिसऱ्याला शेवटपर्यंत कळत नाही की मार्गदर्शन नक्की कोण कुणाला करतंय.

त्यांनी पहिलंच काम सांगितलं, “आधी दात्यांची ग्रंथसूची बघून टाका, सर. मग बोलू.” शंकर गणेश दात्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ म्हणजे १८०० ते १९३७ या काळात मराठीत निघालेल्या पुस्तकांची, वर्षानुवर्षं खपून केलेली नोंद. कुठला फार्स कुणी लिहिला, कधी छापला, हे तिच्यात सापडणार. ग्रंथ जाडजूड आहे एवढं मला ऐकून माहीत होतं. त्या जाडीला पुढे इतकं महत्त्व येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

पण पुस्तकाला हात लावण्याआधी ग्रंथालयाच्या सेवांचा परिचय करून घ्यावा लागतो. नव्या संशोधकांसाठी तसा वर्गच असतो आणि तो सक्तीचा असतो. वेळ अकराची. साडेअकराला समई आली. पावणेबाराला तेल आलं. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, समन्वयक आणि सहसमन्वयक असे सगळे एकाच मेणबत्तीला हात लावून समईभोवती उभे राहिले, आणि डोक्यावरच्या पंख्याने एकेक वात विझवायला सुरुवात केली. “अरे, तो पंखा बंद करा कुणीतरी!” शिपाईमामा भिंतीकडे धावले. तिथे बटणांची अख्खी पाटी होती आणि कुठलं बटण कशाचं, हे इमारत बांधणाऱ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांनी वरच्या कोपऱ्यापासून क्रमाने एकेक दाबत आणलं. आधी दिवे गेले. मग माइक गेला. मग प्रोजेक्टर गेला. सगळ्यात शेवटी पंखा गेला. अंधारात पाचही वाती पेटल्या, टाळ्या झाल्या, फोटो निघाला, आणि मामांनी सगळी बटणं उलट क्रमाने परत दाबली. पंख्याने समई विझवली. तिकडे आता कुणाचंच लक्ष नव्हतं. प्रोजेक्टर मात्र रुसला तो रुसलाच.

पाहुण्यांनी ‘आजची पिढी वाचत नाही’ या विषयावर मोबाइलमध्ये बघून दीर्घ भाषण वाचलं. मग शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, ज्यांनी शाल दिली त्यांना शाल, आणि आभार मानणाऱ्यांनी आभारात कुणाला विसरलो तर क्षमा असावी म्हणून पुन्हा सगळ्यांची घेतलेली नावं. ग्रंथपाल उभे राहिले तेव्हा बाहेर जेवणाच्या बुफेतली वांग्याची भाजी दरवळू लागली होती. त्यांनी समोरच्या पोरांचे चेहरे पाहिले आणि शहाण्या माणसाने करावं तेच केलं. “ओपॅक, देवघेव, संदर्भ, नियतकालिकं, रिमोट ॲक्सेस, इंटर लायब्ररी लोन, शोधगंगा, वाङ्मयचौर्य तपासणी. काही शंका?” एका श्वासात सगळं ग्रंथालय संपलं. शंका एकच आली. शेवटच्या रांगेतून. “सर, या वर्गाचं सर्टिफिकेट कधी मिळणार?”

सभागृहाच्या दारात रंगनाथनांची तसबीर आहे आणि खाली त्यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम. एस. आर. रंगनाथन म्हणजे भारतीय ग्रंथपालांचं दैवत, पण हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि थोड्याच दिवसांत इतका कंटाळला, की मला परत शिकवायला घ्या म्हणून कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेला. त्याला शिक्षणासाठी लंडनला धाडलं, तिथे ग्रंथालयं बघून मन रमलं, एका दुकानात मेकॅनोचा खेळ बघून पुस्तकांच्या वर्गीकरणाची नवी पद्धतही सुचली, आणि मग गडी जन्मभर ग्रंथालयातून हलला नाही. आमच्याकडे ग्रंथालयात कंटाळलेल्या कर्मचाऱ्याला लंडनला पाठवायची सोय नाही. त्याला नियतकालिक विभागात पाठवतात.

पाच नियम १९३१ साली पुस्तकरूपाने आले. पुस्तकं वापरायला असतात, हा त्यातला पहिला. एके काळी युरोपात पुस्तकं साखळीने फळीला जखडून ठेवत, त्या पार्श्वभूमीवर हे मुद्दाम सांगावं लागलं होतं. आपण त्यामानाने पुष्कळ पुढे आलोय. आमच्याकडे पुस्तकं मोकळी आहेत. बांधलेलं असतं ते देवघेवीच्या खिडकीतलं बॉलपेन. तेही सुतळीने, आणि सुतळी इतकी आखूड की सही करायला खिडकीत मुंडकं घालावं लागतं. आतल्या मॅडम त्या वेळी डबा खात असतील तर माणूस नक्की सही करायला वाकलाय की भाजी कसली ते बघायला, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसतो. वाचकाचा वेळ वाचवावा, हा चौथा नियम याच खिडकीच्या काचेवर चिकटवलाय. त्याच्यावर दुपारी ‘जेवणाची सुट्टी’ अशी पाटी लटकते. त्यामुळे नियमातलं ‘वाचकाचा वेळ’ एवढंच दिसतं, आणि वेळेचं पुढे काय करायचं ते पाटीखाली जातं.

सभासद कार्डासाठी अर्ज ऑनलाइन भरायचा. त्याला विद्यापीठाचा ई-मेल लागतो. ई-मेल संगणक केंद्र देतं. ते ग्रंथालयाचा सभासद क्रमांक मागतात.

“मॅडम, ते म्हणतात आधी सभासद क्रमांक आणा.”

“बरोबर म्हणतात.”

“पण तुम्ही म्हणता आधी ई-मेल आणा.”

“मीपण बरोबर म्हणते.”

“मग मी करू काय?”

“सगळे करतात तेच करा.”

सगळे संगणक केंद्रातल्या एका मुलाला चहा पाजतात, हे मला कँटीनमध्ये कळलं. तो मुलगा विद्यापीठाचा नोकरही नव्हता. कुणा एजन्सीकडून आलेला होता. पण विद्यापीठात कुठलंही काम अडलं की लोक कुलगुरूंचं नाव घेत नाहीत, त्याचं घेतात. त्याने एका हाताने वडापाव खात दुसऱ्या हाताने मला ई-मेल दिला. पुढे कार्ड आलं. फोटो माझा, नाव माझं, विभाग ‘महिला अभ्यास केंद्र’. यादीत मराठीच्या शेजारचंच नाव ते. दुरुस्तीला वेगळा अर्ज आहे असं कळल्यावर मी आहे तसा राहायचं ठरवलं. आता आठ मार्चच्या कार्यक्रमाचं निमंत्रण मला न चुकता येतं, आणि खरं सांगायचं तर मराठी विभागाच्या कार्यक्रमांपेक्षा तिथला चहा बरा असतो.

कार्ड हातात आलं म्हणजे पुस्तक हातात आलं असं नाही. मध्ये ओपॅक, म्हणजे संगणकावरची ग्रंथतालिका, आहे. पूर्वी लाकडी खणांत तालिकापत्रं असायची. खण ओढला की बोटांना धूळ लागायची आणि पाचदहा पत्रांत पुस्तकाचा पत्ता लागायचा. आता संगणकावर सगळं एका क्लिकवर आहे, फक्त ते कुठल्या स्पेलिंगमध्ये आहे हे माहीत पाहिजे. मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत करणाऱ्या बंधुभगिनींनी आपापल्या कुवतीप्रमाणे ‘ग्रंथ’ आणि ‘सूची’ या दोन शब्दांची इतकी रूपं सिद्ध केली आहेत, की पाणिनीने हात टेकावेत. मी ग्रंथकाराचं आडनाव टाकून पाहिलं. संगणकाला ते इंग्रजीतला खजूर वाटला. शेती महाविद्यालयाच्या संग्रहातली खजूर लागवडीची पुस्तकं पानभर आली आणि सगळी उपलब्ध होती. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, सगळं उलटसुलट करून झाल्यावर ग्रंथसूची एकदाची प्रकटली. शेजारी हिरव्या अक्षरात ‘उपलब्ध’.

“मामा, संगणक म्हणतोय आहे.”

“असंल की मग.”

“फळीवर नाहीये.”

“संगणकाला कुठं फळीवर चढता येतंय?”

ग्रंथालयातलं ‘उपलब्ध’ आणि जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मामांइतकं स्वच्छ मला कुठल्याच ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकाने सांगितलं नाही. पुस्तक कुणाच्या नावावर दिलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. ते बाइंडिंगला गेलेलं असेल, चुकीच्या कपाटात असेल, विभागातल्या कपाटात असेल आणि कपाटाची किल्ली बाळंतपणाच्या रजेवर असेल. संगणकाच्या लेखी ते उपलब्धच.

शोधत शोधत मी नाटकांकडे गेलो. मेल्विल ड्युई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली जगातलं सगळं ज्ञान दहा खणांत बसवलं. गृहस्थाला काटकसरीचं इतकं वेड, की स्वतःच्या नावातली फालतू वाटणारी अक्षरंही त्याने कापून टाकली होती. त्याच्या पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ अशी, दशांश चिन्हापलीकडची खोली मिळालीय. तिच्यात कवितेला १, नाटकाला २, कादंबरीला ३, असं करत करत निबंध, भाषणं, पत्रं, सगळ्यांची बूज राखून झाल्यावर सातव्या नंबराला विनोद येतो. त्याच्या पुढे फक्त संकीर्ण. विनोदी लेखकांना संमेलनात जेवणाच्या आधीची वेळ देतात, त्यामागे ड्युईच असावा.

आमची कपाटं रुळांवरची आहेत. बाजूचं चाक फिरवलं की कपाट सरकतं, दोन कपाटांत माणूस शिरण्याइतकी फट होते आणि बाकीची सगळी एकमेकांना चिकटून उभी राहतात. जागा फार वाचते. अडचण एवढीच, की एका ओळीत एका वेळी एकाच विद्याशाखेची सोय होते. मी ८९१.४६२ च्या फटीत उकिडवा बसून खालची फळी चाळत होतो. एवढ्यात पलीकडे कुणाला तरी ३३०, म्हणजे अर्थशास्त्र, हवं झालं. चाकाची करकर ऐकू आली आणि समग्र मराठी रंगभूमी सावकाश माझ्या अंगावर येऊ लागली.

“अहो! आत माणूस आहे!”

करकर थांबली. “कोण आहे?”

“मराठी!”

“किती वेळ?”

“जुनी नाटकं बघतोय!”

“मग तुम्ही जरा बाहेर या, सर. अर्थशास्त्राला पाचच मिनिटं लागतील.”

मी बाहेर आलो. मराठी मिटली, अर्थशास्त्र उघडलं. ते गृहस्थ आत गेले ते फोनवर कुणाशी तरी शेअर्सबद्दल बोलत बराच वेळ आतच राहिले. भाषेच्या धोरणावर मी बरीच चर्चासत्रं ऐकलीत. इतकं थोडक्यात कुणी मांडलं नव्हतं.

त्या फळीवर एक गोष्ट मात्र नजरेत भरली. आमच्या गाइडांचा नाट्यविचारावरचा ग्रंथ. साडेसहाशे पानांचा, कापडी बांधणीचा, पाच प्रती, एकीला एक खेटून. पहिली उघडली तर पाठीने कट्‌ असा आवाज केला. कोऱ्या पुस्तकाचा तो आवाज असतो. शेवटच्या पानावर तारखांचे शिक्के मारायची चिठ्ठी चिकटवलेली, पांढरीशुभ्र. शेजारचं जुनं पुस्तक काढलं तर त्याच्या चिठ्ठीवर शिक्क्यांवर शिक्के, जांभळ्या शाईचे, आणि आत वाचकांचा संसार. एकाने पेन्सिलीने ‘महत्त्वाचे’ असं प्रत्येक परिच्छेदाशी लिहिलेलं. दुसऱ्याने इतक्या ओळी अधोरेखित केलेल्या, की चुकून सुटलेली ओळच महत्त्वाची वाटावी. तिसऱ्याने समासात ‘लेखक मूर्ख आहे’ असा अभिप्राय दिलेला आणि त्याखाली चौथ्याने वेगळ्या अक्षरात, ‘तू लिहून दाखव’. मला हवी असलेली फार्सांची यादी होती ते पान मात्र ब्लेडने इतक्या सफाईने कापलेलं, की कापणाऱ्याचा हात शल्यविशारदाचा असावा. संशोधनाची खरी तळमळ असलेली माणसं अशी आपल्या आधीच येऊन गेलेली असतात.

ऑनलाइन शोधा, असं सगळे सांगत होतेच. सरकारने ‘एक राष्ट्र एक सदस्यता’ नावाची योजना काढलीय. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, १३,००० च्या आसपास नियतकालिकं, २०२५ पासून सुरू. मी लॉगिन केलं आणि एकाएकी श्रीमंत झाल्यासारखं वाटलं. गुरांच्या पोटातल्या जंतांपासून गुरूच्या चंद्रांपर्यंत वाटेल ते वाचायची मुभा होती. मराठी फार्सांवर काही आहे का विचारलं, तर मोलिएरवरचे फ्रेंच लेख पुढे आले. शोधगंगेवर गेलो. देशभरातले लाखो प्रबंध तिथे चढवलेले आहेत आणि प्रत्येक नवा संशोधक तिथे जाताना मनात दोन परस्परविरोधी प्रार्थना करतो: देवा, माझ्या विषयावर आधी कुणी काम केलेलं नसू दे, आणि देवा, केलेलं असलं तर संदर्भसूची नीट दिलेली असू दे. जाता जाता माझ्या पहिल्या प्रकरणाची साम्यतपासणीही करून घेतली. २०१८ च्या नियमाप्रमाणे दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ असतं. माझं प्रकरण निभावलं, पण उगाच जोडलेलं ऋणनिर्देशाचं पान तेवढं तांबडं झालं. पत्नीने दाखवलेली सहनशीलता, आईवडिलांचे आशीर्वाद आणि गाइडांचं अमूल्य मार्गदर्शन हे सगळं शब्दशः दुसऱ्या कुणाकुणाला आधीच लाभलेलं होतं.

कुणीतरी मुंबईचं नाव सुचवलं, म्हणून राजाबाई टॉवरच्या पोटातलं विद्यापीठाचं ग्रंथालयही बघून आलो. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून १८७८ साली पूर्ण झालेली ती इमारत, रंगीत काचांच्या खिडक्या, उंच लाकडी छत. अशा जागी माणूस पुस्तकात मान घालूच शकत नाही, सारखी वरच जाते. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाने लंडनमध्ये बसून तिचा आराखडा केला. मुंबईत पाऊलसुद्धा टाकलं नाही. मला ते ऐकून फार आपलेपणा वाटला. ग्रंथालयात पाऊल न टाकता ग्रंथच्या ग्रंथ पुरे करणारी विद्वान मंडळी माझ्या ओळखीत बरीच आहेत.

मान अवघडून परत आलो आणि दमून आमच्याच ग्रंथालयाच्या तळमजल्यावरच्या वाचनकक्षात टेकायला गेलो. तोपर्यंत तिथे कधी गेलो नव्हतो, कारण मी पुस्तक शोधत होतो.

वाचनकक्ष हे वेगळं राज्य आहे. वर पुस्तकं, खाली वाचक; दोघांचा फारसा संबंध येत नाही. खालची मंडळी स्पर्धा परीक्षेची. त्यांची पुस्तकं त्यांच्या पिशवीत असतात: राज्यघटनेवरचा लक्ष्मीकांत, नोट्सच्या झेरॉक्स, जुन्या प्रश्नपत्रिका. ग्रंथालयाकडून त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात, टेबल, खुर्ची आणि प्लग. आपापसांत एकमेकांना साहेब म्हणतात. “डीवायएसपी साहेब, चहाला येणार?” “तहसीलदार साहेबांना विचारा, मला पॉलिटीचा टॉपिक संपवायचाय.” आयोगाची जाहिरात येईपर्यंत ही पदं तात्पुरती, पण खुर्च्या मात्र कायम.

जागांना इथे भाव असतो. सगळ्यात वरची जागा प्लगशेजारची. मग पंख्याजवळची, थेट पंख्याखाली नको, तिथे पानं उडतात, जरा तिरकी. मग खिडकीची. मग दाराजवळची, ती घरून सारखे फोन येणाऱ्यांची. तळाला पाण्याच्या कूलरशेजारची, जिथे सतत कुणीतरी बाटली भरत असतं आणि बाटली भरत आली की तिचा सूर वर चढत जातो. नव्या माणसाला हीच मिळते. मलाही मिळाली. भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि मामा तिच्याच खाली उभे राहून घरी फोनवर सिलिंडरचा नंबर ओरडून सांगत होते.

बाकी खोली रिकामी होती, तरी भरलेली होती. माणसं चहाला गेलेली, पण प्रत्येक खुर्चीसमोर काहीतरी ठेवलेलं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणाऱ्यांच्याच या पुढच्या पिढ्या. पाण्याची बाटली, हेल्मेट, चष्म्याचं रिकामं घर, एका ठिकाणी तर एकच चप्पल. मी विचारलं, दुसरी कुठे? “दुसरी पलीकडच्या हॉलमध्ये,” शेजारच्या मुलाने शांतपणे सांगितलं, “तिथं पण जागा लागती ना कधी कधी.” तो अनवाणी होता. ‘जागा धरून ठेवू नये’ अशी सूचना दारावर होती. तिच्या शेजारच्या टेबलावर डबा ठेवून कुणीतरी ती जागाही धरली होती.

पण रुमाल, बाटल्या ही कच्ची कामं. कुणीही उचलून बाजूला ठेवतं. मुरलेली माणसं जाड पुस्तक ठेवतात. पुस्तकाला हात लावायला आपल्याकडे लोक बिचकतात. पाय लागला तर नमस्कार करतात, उचलून बाजूला कसं ठेवणार? शिवाय नियमच त्यांच्या बाजूने आहे. वाचून झालेलं पुस्तक वाचकाने फळीवर परत लावू नये, टेबलावरच ठेवावं, कर्मचारी जागेवर नेऊन लावतील. नियम शास्त्रशुद्ध आहे, वाचकाने चुकीच्या जागी लावलेलं पुस्तक जन्मात सापडत नाही. फक्त लावणारे कर्मचारी परीक्षा विभागात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे उचलायला गेलेले आहेत आणि ते तिकडेच रमलेत.

प्लगशेजारच्या मानाच्या जागेवर एक जण झोपला होता. वाचनकक्षातले सगळे त्याला अण्णा म्हणतात. वय तिशीच्या आसपास, पण इथल्या हिशेबाने फार ज्येष्ठ. नव्या पोरांना कुठल्या टेबलाचा पाय डुगडुगतो आणि कुठल्या प्लगला शॉक बसतो ते तोच सांगतो. गाल एका जाडजूड ग्रंथावर टेकवलेला. त्याचा मोबाइल थरथरला, त्याने मान उचलली, आणि मी पुस्तकाच्या कण्याकडे पाहिलं. तांबडं कापड, उडालेली सोनेरी अक्षरं. ‘…ग्रंथसूची’.

मी ताडकन उठलो. “अहो, हे मी किती दिवस शोधतोय!”

“हे?” अण्णाने डोळे चोळत पुस्तकाकडे बघितलं. गालावर कापडी बांधणीची वीण उमटलेली होती. “काका, हे तर इथंच असतंय. माझ्या आधी बसायचे ते एसटीआय होऊन गेले, त्यांच्यापासनं आहे.”

“मला पाहिजे हे. काम आहे.”

“बघा की. बसा इथं शेजारी.” त्याने उदार मनाने खुर्ची ओढली. “पण न्यायचं नाही. जागा धरायला काय ठेवू मग मी?”

“दुसरं कुठलंही ठेव!”

“कुठलंही चालत नाही काका.” त्याने हे अनुभवाने सांगितलं. “कादंबरी ठेवली तर पोरी घेऊन जातात. इतिहास ठेवला तर आमचीच पोरं नेतात, प्रीलिमला लागतो. पातळ असलं तर सरकवतात. उशाला पण आलं पाहिजे. उंच झालं तर मान धरती, बुटकं झालं तर झोप लागत नाही. हे बरोबर बसतंय.” दात्यांनी मराठी ग्रंथव्यवहाराचा असा अभ्यास वाचला असता, तर सूचीला एक परिशिष्ट जोडलं असतं.

मी विचार केला आणि वर गेलो. चाक फिरवलं, अर्थशास्त्र मिटलं, मराठी उघडली. पाच प्रतींमधली एक काढली. खाली आणून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती हातात घेऊन वजन पाहिलं. मग टेबलावर आडवी ठेवून गाल टेकवून पाहिला. मग उघडून मध्यावरचा एक परिच्छेद वाचला, भुवया वर गेल्या, पुन्हा तोच वाचला, आणि पुस्तक मिटलं.

“मस्त आहे काका. हे कुणी नेणारच नाही.”

दात्यांची सूची घेऊन मी कूलरशेजारी बसलो. बाटल्यांच्या सुरांत फार्सांची नावं उतरवून घेतली; काम झकास चाललं. चार दिवसांनी बघतो, तर वाचनकक्षात आणखी चार टेबलांवर गाइडांचा ग्रंथ. अण्णाने शिफारस केली होती. डीवायएसपी, तहसीलदार, दोघे राज्यकर निरीक्षक, सगळ्यांच्या जागा एकाच मजबूत बांधणीने धरलेल्या. आणि नेमके त्याच आठवड्यात गाइड स्वतः ग्रंथालय समितीच्या बैठकीला आले, येता येता त्यांनी वाचनकक्षात डोकावलं आणि दारातच थबकले. चहाची वेळ होती, खोलीत माणूस नव्हतं. पाच टेबलांवर पाच प्रती.

बैठकीनंतर मला व्हरांड्यात गाठून त्यांनी खांद्यावर हात ठेवला. आवाज जरा भरून आला होता. “सर, लोक उगाच म्हणतात आजची मुलं गंभीर वाचत नाहीत. आपणच त्यांच्यापर्यंत पोचत नाही. बघितलंत ना? एकही प्रत फळीवर शिल्लक नाही.”

मी म्हणालो, “मागणी आहे, सर.”

समितीने आणखी दहा प्रती मंजूर केल्यात. अण्णाला सांगितलं तेव्हा त्याने लगेच वही काढली आणि पलीकडच्या हॉलमधल्या कुणाकुणाला द्यायच्या, त्यांची नावं लिहायला घेतली. त्या अनवाणी मुलाचं नाव पहिलं होतं.